सासूबाईचं सोंग

बादलीतले अर्धे कपडे दोरीवर चढले होते, अर्धे अजून पिळे घातलेलेच पडले होते. तेवढ्यात सून गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, डोकं जरा जड झालंय. दाबून देता का?"

घड्याळबाईंनी दातात एक चिमटा धरला होता. तो तसाच खाली पडला.

वाक्य तसं साधंच. कुठल्याही घरात कुठल्याही सुनेने म्हणावं असं. त्यातून पोटात बाळ घेऊन जिना चढून आलेल्या मुलीने तर हक्काने म्हणावं. पण घड्याळबाईंनी हातातला ओला शर्ट परत बादलीत टाकला, सुनेला दंडाला धरून खाली आणलं, खुर्चीवर बसवलं, पाठ टेकवायला लावली, पाय जमिनीवर सरळ ठेवायला लावले आणि दाराशी टांगलेल्या पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं.

"अहो आई, नुसतं डोकं..."

"बोलू नकोस. बोललीस की आकडा वर जातो."

पट्टा दंडावर फुगला, सैल झाला. जरा थांबून त्यांनी तो पुन्हा फुगवला. दोन्ही वेळा आकडा चांगला आला. तरी त्यांचं समाधान होईना. सुनेचं तोंड उजेडाकडे वळवून पाहिलं, बोटं दाबून पाहिली, नडगीवर अंगठा रोवून खळगा पडतो का ते पाहिलं. डोळ्यांपुढे काही चमकतंय का, बरगडीखाली दुखतंय का, बाळ हलतंय ना, सगळं विचारून झालं. सून शेवटी हसायलाच लागली.

"सकाळपासून मशीनवर वाकून पडदे शिवतेय आई. मान आखडलीय, दुसरं काही नाही. मी मांडी मागितली आणि तुम्ही वर्दी चढवली!"

"डोकं दुखलं की आधी यंत्र, मग मांडी. या वेळी हाच नियम."

"मागच्या वेळी तर तुम्ही नुसतं डोकं दाबलं होतंत. यंत्र नाही नि बिंत्र नाही. आणि किती छान झोप लागली होती मला!" असं म्हणताना सुनेचा चेहरा एकदम मऊ झाला.

घड्याळबाई खाली मान घालून यंत्राचा पट्टा गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाला तरी गुंडाळतच राहिल्या.

मागच्या वेळी काय झालं होतं ते सांगायचं, तर आधी या बाईंची ओळख सांगायला हवी.

शाळा संपली तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, लग्न नाहीतर नर्सिंग. त्या स्वतःच सांगत, "नर्सिंगचं उत्तर आधी आलं. स्थळाचं आधी आलं असतं तर आज मी तुमच्याऐवजी नवऱ्याचा रक्तदाब वाढवत बसले असते." पुढे लग्नही झालं. यजमान बस चालवणारे, शांत माणूस. एकुलता मुलगा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. आणि ह्यांची सारी नोकरी एकाच दवाखान्यात, एकाच खोलीत गेली. लसटोचणीच्या खोलीमागे गरोदर बायकांची खोली होती, तिथे.

नर्सने मनगटावर घड्याळ बांधायचं नसतं. त्या ते छातीवर टाचून ठेवत, तेही उलटं, म्हणजे मान खाली घातली की वाचता येतं. नवीन आलेली बाई हमखास म्हणायची, "सिस्टर, तुमचं घड्याळ उलटं लागलंय."

"मला सुलटं दिसतंय ना? मग झालं. तू वेळ बघून काय करणार, रांग काही हलायची नाही."

त्या घड्याळावरूनच त्यांचं नाव पडलं. दवाखान्यात समोरासमोर सिस्टर, आणि पाठीमागे, गल्लीत, घरीदारी, घड्याळबाई.

देवाने त्यांना गळा दिला नव्हता, पण जीभ अशी दिली होती की रडत आलेली बाई हसत परत जावी. आठवड्यातून एकदा त्या गरोदर बायकांना शिकवायला बसत. खोलीत दोन बाकं. पुढच्या बाकावर पोटुश्या, मागच्या बाकावर त्यांच्यासोबत आलेल्या आया, सासवा, जावा, आणि कोपऱ्यात एखादा नवरा, मोबाइलमध्ये डोकं घालून कान मात्र इकडे लावलेला. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, डाव्या कुशीवर निजायचं, बाळाचं हलणं मंदावलं तर थांबायचं नाही, हे सगळं त्या गप्पा मारल्यासारखं सांगत. पण "कळलं का?" असं त्या कधीच विचारत नसत. "कळलं का विचारलं की मान हलते. मानेला काय, ती वाऱ्यानेही हलते," असं त्यांचं म्हणणं. त्या एकीला उभी करत आणि म्हणत, "आता तू मला शिकव. समज, मी आज पहिल्यांदा आलेय." मग ती बाई लाजत, अडखळत सगळं परत म्हणून दाखवायची, आणि जिथे अडेल तिथून शिकवणी पुन्हा सुरू व्हायची.

शेवटी सोंग असे. त्यासाठी काही बायका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येत. घड्याळबाई हात पुसायचा टॉवेल डोक्याला गुंडाळत, कंबर वाकवत, नाकातून आवाज काढत आणि सासूबाई होत.

"काय गं, डोकं दुखतंय? आमच्या वेळी काय आम्हाला डोकी नव्हती? ये, तेल चोळते, पड जरा. बोटं सुजलीत? अंगावर बाळसं आलंय म्हणावं! डोळ्यांपुढे काजवे चमकतात? चमकू देत, तेवढीच वीज वाचेल!"

पुढचं बाक ओरडायचं, "नाही!"

"नाही काय नाही? मग काय करायचं?"

"दवाखान्यात यायचं!"

"आणि सासू सोडत नसेल तर?"

"तेलाच्या वाटीसकट सासूलाही आणायचं!"

मागच्या बाकावरच्या खऱ्या सासवा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. एकदा त्यांतली एक म्हणालीच, "सिस्टर, किती बदनामी कराल हो आमची! आम्ही काय वैरिणी आहोत?"

"वैरीण असतीस तर सोपं होतं," टॉवेल काढत घड्याळबाई म्हणाल्या. "वैरिणीच्या मांडीवर कोण डोकं ठेवतंय? तुम्ही प्रेमाने दाबता, म्हणून तर पोरी उठत नाहीत."

तो शब्द पुढे आपल्यावरच उलटणार आहे हे कोणाला माहीत असतं! माणूस बोलून जातो, वरचा ऐकत असतो.

सून घरात आली ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी, हाताला चपळ आणि बोलायला फटकळ. लहानपणीच आई गेलेली. वडील आणि दोन भाऊ, बाईमाणूस म्हणून घरात हीच. तिची वेणी कोणी घातली नव्हती की आजारपणात उशाशी कोणी बसलं नव्हतं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. घड्याळबाईंना मुलगी नव्हती, त्यांनीही काही बोलून दाखवलं नाही. दोघी एकमेकींभोवती जपून वावरत होत्या, नव्या फरशीवरून चालल्यासारख्या.

सुनेला पहिल्यांदा दिवस गेले आणि ते जपणं संपलं. घड्याळबाईंच्यातली नर्स घरभर सुटली. गोळी घेतलीस का, मीठ कमी कर, अशी वाकू नकोस, वजन कर, पाय वर घे. सून सासूच्या दवाखान्यात नाव घालायलाच तयार नव्हती. "तुमच्या मैत्रिणी मला तपासणार आणि तुम्ही पडद्याआड उभ्या राहणार, नको बाई!" म्हणून ती दुसरीकडे जात होती. तिथले सगळे कागद घड्याळबाई घरी तपासायच्या. एक दिवस जेवणाच्या टेबलावर सुनेने घास खाली ठेवला.

"आई, मला घरी सासू हवीय. चांगली, वाईट, कशीही चालेल. पण दवाखाना नको. या घरात चहा प्यायले तरी वाटतं, आता कप मोजणार."

मुलगा ताटात बघत राहिला. यजमानांनी आयुष्यभर रस्त्यावरची भांडणं मिटवलेली. ते म्हणाले, "एक काम करा. दाराशी खिळा आहे ना, तिथे हिने घरी आल्यावर घड्याळ काढून टांगायचं. घड्याळ खिळ्यावर म्हणजे सिस्टर ड्युटीवर नाहीत. घरात फक्त आई. आणि सिस्टर हा शब्द या घरात बंद. काय?"

सगळे हसले. घड्याळबाईही हसल्या, पण त्यांना ते लागलं होतं. माणसाचं आयुष्यभराचं काम कोणी पायताणासारखं दाराबाहेर काढायला सांगावं! तरी त्यांनी शब्द दिला आणि पाळला. रोज घरी आल्या की घड्याळ खिळ्यावर. सून स्वयंपाकघरातून डोकावून म्हणायची, "उतरलं का घड्याळ? मग या, चहा टाकते." आणि खरंच, बोलणं सुरू झालं. दोघी भाजी निवडताना हसू लागल्या. घड्याळबाई मनात म्हणायच्या, बरं केलं हो मी, तोंड आवरलं ते बरंच केलं.

तिच्या आठव्या महिन्यातली ती दुपार. घड्याळबाईंची सुट्टी होती. सून जवळ आली तेव्हा तिची अंगठी बोटात नव्हती, दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेली होती. घड्याळबाईंनी पाहिलं. बोटं सुजलीत, हे डोळ्यांनी वाचलं आणि जिभेने गिळलं. काल-परवाच तपासणी झालीय, ते लोक बघतातच की. आपण बोललो तर पुन्हा दवाखाना घरात आणला म्हणेल.

"आई, डोकं दुखतंय हो फार," सून म्हणाली. आणि कधी नव्हे ते, न विचारता, न लाजता, सरळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

घड्याळबाईंचे हात क्षणभर हवेतच राहिले. मग त्यांनी तेलाची वाटी ओढली आणि कपाळ चोळायला सुरुवात केली. भुवयांवरून, कानामागून, मानेपर्यंत. सुनेने डोळे मिटले.

"उजेड टोचतोय. पडदा ओढता?"

पडदा हाताच्या अंतरावर होता, सुनेनेच शिवलेला. त्यांनी तो ओढला. त्या वेळी त्यांच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. अंगठी, डोकं, उजेड. पुढच्या बाकावरच्या कोणत्याही पोरीने ओरडून सांगितलं असतं. यंत्र दाराशी पिशवीत होतं, सात-आठ पावलांवर. पण उठायचं तर मांडीवरचं डोकं उचलून खाली ठेवावं लागणार होतं. आणि सून झोपेत बोलल्यासारखं बोलली, "माझं डोकं असं कोणी कधी दाबलंच नाही."

त्या उठल्या नाहीत. संध्याकाळी बघू, असं मनाशी म्हणाल्या.

संध्याकाळी सून उठली ती "हलकं वाटतंय" म्हणत. जेवली, हसली. मुलगा आल्यावर त्याला ऐटीत म्हणाली, "तुझ्या आईचे हात म्हणजे नुसतं लोणी आहेत. तुला ठाऊक तरी होतं का?" घड्याळबाईंचं मन भरून आलं. यंत्र पिशवीतच राहिलं.

उजाडता उजाडता रक्तदाब चढून तिला झटके आले.

मोठ्या रुग्णालयात सून वाचली. बाळ काढावं लागलं. मुलगी होती. तिचं रडणं एकदा ऐकू आलं, बारीक, जिन्यावर कुठेतरी दार करकरावं तसं. दिवस मावळायच्या आत ती गेली. घड्याळबाईंनी किती बाळं पहिल्या अंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिली असतील. आपल्या नातीलाही त्यांनीच गुंडाळलं, तितकंच नीट, आणि मुलाच्या हातात दिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "आदल्या दिवशी काही त्रास होता? डोकेदुखी, डोळ्यांना काही?"

मुलगा म्हणाला, "नाही हो. काल तर छान होती. हसत होती."

डॉक्टर घड्याळबाईंना ओळखत होते. ते म्हणाले, "हं. तसंही सिस्टर घरात असताना काही असतं तर यांच्या नजरेतून सुटलं नसतं. कधी कधी असंच होतं. काहीही न सांगता येतं."

त्या वेळी बोलायला हवं होतं. घड्याळबाई तोंडात मूग धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्या क्षणी गेला तो गेला, आणि घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांचं वाक्य उचललं. नातेवाइकांना, शेजारपाजारला, दुकानातल्या बायकांना तेच सांगितलं गेलं. काहीही न सांगता आलं.

रजा संपल्यावर त्या कामावर गेल्या. शिकवणी चालू राहिली. लोहाची गोळी, डावी कूस, सगळं तसंच. बायका म्हणाल्या, "सिस्टर, ते सासूचं करा ना!" त्यांनी टॉवेल हातात घेतला आणि घडी घालून परत ठेवला. "घसा बसलाय," म्हणाल्या. तो मग बसलेलाच राहिला. आता एक नवीन नर्स ते सोंग करते, अगदी त्यांच्याच आवाजात, आणि हुबेहूब करते. सासूबाई तेलाची वाटी शोधू लागल्या की घड्याळबाई कापूस आणायच्या निमित्ताने बाहेर जातात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं त्या एकदा स्वतःशीच मोठ्याने बोलल्या, तेव्हा कापसाच्या कपाटाशी दुसरं कोणी नव्हतं.

देवाकडे क्षमा मागून झाली होती, कितीदा तरी. तो दयाळू आहे, देतही असेल. पण मांडीवरचं डोकं त्याचं नव्हतं.

आणि सून? तिने सासूला कधी दोष दिला नाही. उलट त्यानंतर ती सासूच्या जास्तच जवळ आली. तिच्याजवळ त्या सगळ्यातलं आठवावं असं एवढंच उरलं होतं, ती पडदा ओढलेली दुपार. रुग्णालयातून आल्यावर एकदा ती म्हणाली होती, "बाळ पोटात असताना शेवटचं सुख मला तुम्ही दिलंत आई." घड्याळबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

आता सुनेला पुन्हा दिवस गेले होते. या वेळी मोठ्या रुग्णालयातच नाव घातलं होतं. रक्तदाब चढू नये म्हणून रोजची छोटी गोळी होती, दर आठवड्याला लघवीची तपासणी होती. घरी रक्तदाब मोजायला सुनेने कुरकुर न करता दंड पुढे केला होता. त्यामुळे घड्याळबाईंना वाटत होतं, जमेल. न सांगताही जमेल.

त्या दिवशी खुर्चीवर बसलेल्या सुनेपुढे यंत्राचा पट्टा गुंडाळताना त्यांना कळलं की जमणार नाही.

तरी त्यांनी आडून प्रयत्न केला. "हे बघ, मी दिवसभर कामावर असते. उद्या मी नसताना तुझं डोकं दुखलं तर काय करशील? समज, मी आज पहिल्यांदा आलेय. मला शिकव."

"काय करायचं? पडायचं जरा. चहा घ्यायचा."

"अगं, तुला रुग्णालयात कागद दिलाय ना? त्यात काय लिहिलंय?"

"ते सगळ्यांना देतात आई. माझं तसं नाही. माझं न सांगता येतं, डॉक्टरच म्हणाले होते." सून समजूत घातल्यासारखं बोलली. "आणि मागच्या वेळी डोकं दुखलं होतं की. ते धोक्याचं असतं तर तुम्ही दाबत बसला असतात का? तुम्ही! उचलून नेलं असतंत मला. म्हणून तर मला डोकेदुखीची भीतीच वाटत नाही."

घड्याळबाई समोर स्टूल ओढून बसल्या. आयुष्यभर इतक्या पोरींना शिकवलं, आणि घरातली पोर एक धडा तोंडपाठ करून बसली होती. तो शिकवला होता त्यांच्याच हातांनी, तेल लावून.

"ते न सांगता आलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आदल्या दिवशी सांगून आलं होतं. तुझी अंगठी गळ्यात होती. डोकं दुखत होतं. उजेड टोचत होता. हे तिन्ही मी वर्गात शिकवते. मी तुला तेव्हाच घेऊन जायला हवं होतं."

सुनेने बोटातली अंगठी फिरवून पाहिली. गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कळलं. हो ना?"

इथेही एक दार उघडं होतं. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. घड्याळबाईंनी ते दार पाहिलं आणि मान हलवली. "शंका आली होती. पडदा ओढतानाच आली होती."

"मग उठला का नाहीत?"

"तुझं डोकं मांडीवर होतं."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं," घड्याळबाई म्हणाल्या. "पण दुसरं नाही माझ्याकडे."

सुनेचे हात पोटावर गेले. मग बोलली ती अगदी हळू, आणि त्यात फटकळपणा कुठेच नव्हता.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"होते."

"आणि मी जगाला सांगत सुटले, आईने डोकं दाबलं होतं म्हणून. दुकानातल्या पोरी म्हणायच्या, नशीबवान आहेस बाई." ती थांबली. "माझ्याकडे तेवढंच होतं हो त्यातलं. तेवढंसुद्धा ठेवलं नाहीत."

घड्याळबाईंचा हात पुढे झाला. सुनेने खुर्ची मागे सरकवली, फार नाही, टीचभर. मग ती खुर्चीचा हात धरून उठली, आत गेली, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

घड्याळबाई थोड्या वेळाने गच्चीवर गेल्या. बादलीतल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला होता. त्यांनी ते पुन्हा पाण्यातून काढले, पुन्हा पिळले, एकेक करून वाळत घातले. त्यात सुनेचा सैल शिवलेला झगा होता, तिनेच पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेला. तो त्यांनी उन्हाच्या बाजूला घातला. ऊन तोवर खाली उतरलं होतं.

संध्याकाळी मुलगा अजून कामावरून आला नव्हता. यजमान टेबलाशी बसले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "आज एवढी शांतता? माझे कान गेले की तुमच्या जिभा?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. सून बाहेर आली. डोळे सुजलेले होते, चेहरा धुतलेला. ती घड्याळबाईंच्या समोर उभी राहिली.

"सिस्टर, उद्याची लघवीची बाटली कुठे ठेवलीय?"

यजमान हसले. "अगं, घड्याळ तर खिळ्यावर आहे! शब्द बंद आहे ना तो?"

सून हसली नाही. यजमानांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि पाण्याचा पेला उचलला.

"कपाटात, वरच्या खणात," घड्याळबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्या उठल्या..."

"पहिली धार सोडायची, मधली घ्यायची, झाकण घट्ट लावायचं," सून म्हणाली. "डोकं दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं, उजेड टोचला, सूज आली, बरगडीखाली दुखलं, बाळ हललं नाही, तर पडायचं नाही. कोणाची वाट बघायची नाही. निघायचं. बरोबर?"

"बरोबर."

"काही राहिलं?"

"नाही. सगळं आलं."

सुनेने मान डोलावली, कपाटातून बाटली काढली आणि परत आत गेली. इतक्या वर्षांत असा चोख धडा कोणी म्हणून दाखवला नव्हता. घड्याळबाईंनी ताट पुढे ओढलं, पण घास घेतला नाही. मांडीवर पडलेले आपले दोन्ही हात त्या बघत बसल्या, आणि मग उठून यजमानांना वाढायला लागल्या.

मोठं रुग्णालय घड्याळबाईंच्या कामाच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला आहे. तरी सकाळी कामावर जायच्या आधी सुनेची बाटली त्यांनाच तिथल्या तपासणीच्या खिडकीत नेऊन द्यायची आहे.